गाडी माझी, कोड माझा

सोमवार, ३. सकाळी ८.
शुक्रवारी सकाळी दहा वाजता ताईला हॉस्पिटलमधून घरी आणायचंय. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. एकुलती एक बहीण, माझ्याच गाडीतून येणार, असं सगळ्यांसमोर जाहीर केलंय. तयारी म्हणून डॅशबोर्डवर मोबाइलचा स्टँड स्वतः बसवला. सोबत आलेले स्क्रू म्हणजे पोरखेळ. कपाटाच्या बिजागरीचा लांब स्क्रू ठोकला. आता भूकंप झाला तरी हलणार नाही.

सोमवार, दुपारी ४.
गाडी सुरू होत नाही. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागलेत. स्टँड मात्र एकदम घट्ट.

मंगळवार, ४.
शेजाऱ्यांचा, गाडीतले बिघाड दाखवणारा स्कॅनर आणून लावला. कोड आला: U0100. म्हणजे इंजिनच्या कंप्युटरशी गाडीतल्या बाकीच्या यंत्रणांचा संपर्क तुटला. झालं निदान! इंजिनचा कंप्युटर गेला. ही म्हणाली, माझ्या भावाला विचारा, त्याचं गॅरेज कशाला आहे? मी वायपर उलटे बसवले, तेव्हा हाच भाऊ गॅरेजभर सांगत सुटला होता. मरेन, पण त्याच्याकडे जाणार नाही.

बुधवार, ५.
हिने परस्पर फोन लावून माझ्या कानाला दिला. मेहुणा म्हणे, भाऊजी, कोण उत्तर देत नाही एवढंच कोड सांगतो, कोण बिघडलंय ते नाही. आधी वायरिंग बघा. नवीन काही बसवलंत का? नाही म्हटलं. स्टँड हा काही गाडीचा पार्ट नव्हे. मला शिकवतोय!

गुरुवार, ६.
भंगारातून त्याच मॉडेलचा कंप्युटर आणून बसवला. तीन तास गेले, बोटं सोलली. पुन्हा U0100. भंगारवाल्याने फसवलं. उद्या सकाळी दुसरा. ताईचा फोन आला, टॅक्सीने येऊ का रे? खबरदार, म्हटलं. मी दहाच्या ठोक्याला हजर.

शुक्रवार, ७. सकाळी ९.४०.
दुसराही मेलेलाच. काय नशीब! ही म्हणते, आता तरी टॅक्सी बोलवा. नाही म्हणजे नाही. शब्द दिलाय.

११.३०.
ताईचे पाच मिस्ड कॉल. उचलून सांगू काय?

संध्याकाळी ६.
साडेबाराला मेहुण्याची पिकअप दारात. हिनेच परस्पर त्याला बोलावून हॉस्पिटल गाठलं होतं. पुढच्या सीटवर ही आणि कशीबशी पाय सांभाळत बसलेली ताई. दोन तास ती पिशवी मांडीवर घेऊन हॉस्पिटलच्या बाकावर बसली होती. टॅक्सी बोलवू का, असं नर्सने दोनदा विचारलं. ताई म्हणे, नको, माझा भाऊ शब्दाचा पक्का आहे. हे तिने मला अगदी साधेपणाने सांगितलं. लाज वाटली. फार वाटली.

मग मेहुण्याने डॅशबोर्ड उघडला. दहा मिनिटांत सापडलं. माझा स्क्रू दोन वायरींमधून आरपार गेलेला. तो काढला, वायरी जोडल्या, माझा जुना कंप्युटर परत बसवला. किल्ली फिरवली, गाडी सुरू. स्क्रू माझ्या हातावर ठेवला आणि आत जाऊन ताईला विचारलं, पायाखाली उशी देऊ का? हसला नाही. हसला असता तर भांडता तरी आलं असतं.

शनिवार, ८. सकाळी ९.
स्टँडसाठी नवी जागा हेरली आहे. या वेळी आखूड स्क्रू. पुढच्या शुक्रवारी ताईची तपासणी आहे. मी नेतो, असं नाश्त्यालाच ठणकावून सांगितलं. ताई हो म्हणाली. मग तिने हिच्याकडून मेहुण्याचा नंबर लिहून घेतला.