घासलेले प्रोसेसर आणि माझा भाऊ जिलाली

मी, तहामी बिन लहसन अल-वज्जानी, वय सत्तर, धंदा कॉम्प्युटर दुरुस्ती, राहणार कासाब्लांका, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. साखरेचा आजार आहे, पण डोकं जाग्यावर आहे. फक्त स्वस्थ बसवत नाही. तीनदा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा उठून घरभर फिरलो.

१. पत्नी हयात नाही. घर व बँकेतली शिल्लक शरियतप्रमाणे एकुलता एक मुलगा बद्र याची. मुलगा असल्यामुळे माझ्या भावाला वारसाने काहीच मिळत नाही. म्हणून जो एक तृतीयांश माझ्या मर्जीचा, त्यातून देर्ब घल्लेफ बाजारातलं दुकान मी धाकटा भाऊ जिलाली याला देतो. बद्रने कुरकुर करू नये. तो दोन वर्षांतून एकदा फ्रान्समधल्या लियोंहून येतो आणि म्हणतो, "बाबा, हे भंगार विकून टाका."

२. दुरुस्तीला आलेले अकरा ऑल-इन-वन कॉम्प्युटर ज्याचे त्याला द्यावेत. नावं चिकटवली आहेत. ही जात मला कधीच आवडली नाही. स्क्रीनच्या पाठीत सगळं कोंबलेलं, पंख्याला श्वास घ्यायला जागा नाही.

३. स्क्रू-ड्रायव्हरची पेटी शेजारच्या बूशऐबला. वीस वर्षं न विचारता नेतोच आहे, आता रीतसर न्यावी.

४. दुकान जिलालीला का, ते लिहिणं टाळत होतो. १९९७ साली आम्ही दोघांनी रबातच्या एका खाजगी शिक्षणसंस्थेला तीस डेस्कटॉप पुरवले. त्यातल्या १६६ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवरचा वेगाचा आकडा बारीक पॉलिश पेपरने घासून, वर २०० छापून बसवले होते. जादा वेगाने पळवल्यावर ते तापले. ऐन परीक्षेत एकामागून एक मशीन बंद पडलं. संस्थेची माणसं बाजारात आली, तेव्हा चारचौघांत मी भावाकडे बोट दाखवलं: "खरेदी हा बघतो. याला विचारा."

घासले होते मी. आळ जिलालीवर राहिला. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि तो दूर पूर्वेला उज्दा शहरात निघून गेला. तिथे त्याने दुरुस्तीचं दुकान टाकलं.

५. पुरवणी, नऊ दिवसांनी. वरचं कलम मी मेल्यावर वाचलं जावं, असं ठरवलं होतं. पण तोवर थांबवेना. शेवटी कागद घेऊन उज्दाची गाडी पकडली. जिलालीने दारातच उभ्याने वाचला.

"मला माहीत होतं, दादा. पॉलिश पेपर तुझ्या खणात होता."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"म्हटलं, आज बोलशील, उद्या बोलशील."

"दुकान घे, जिलाली."

"दुकान काय चाटायचंय? ज्यांच्यासमोर मला चोर ठरवलंस, त्यांच्यासमोर सांग."

"त्यातले निम्मे वारले रे."

"मग उरलेल्यांना सांग. तू जिवंत असताना."

म्हणून आज सकाळी बाजारातल्या चहाच्या टपरीपाशी उभं राहून सगळं सांगितलं. कोणी ओरडलं नाही. तेव्हा हजर असलेला म्हातारा हमदूश ग्लास खाली ठेवून म्हणाला, "त्या पोराला मी सलाम करणं सोडलं होतं, तहामी. तुझ्यामुळे." आणि उठून गेला.

दुकानाबाबतचं कलम कायम ठेवतो. घ्यायचं की नाही, ते जिलालीने ठरवावं.

संध्याकाळी त्याला फोन केला. त्याने विचारलं, "आज कोणी आलं का दुकानात?"

"कोणी नाही."

"बदनामी उज्दापर्यंत पोचली होती. इथल्या दुकानात माझी पहिली दोन वर्षं तशीच गेली," तो म्हणाला. आणि फोन ठेवला नाही.

कासाब्लांका, १७ ऑक्टोबर २०२४.
लिहून देणार: तहामी अल-वज्जानी (सही)
वाचून, समजून साक्ष: लर्बी हमदूश (रात्री परत येऊन सही), अब्दस्समद सक्कात (सही)