तीन किलो शिसं

२ मार्च २०२२, औंढे
आधी सगळ्यांची खुशाली, मग बाकी. सौ.चा गुडघा: जिना नको म्हणतो, सपाटीला बरा. मुलगा दत्ता: खोकला आहेच, कंपनीतल्या पावडरीचा. सुनबाई रेखा ठणठणीत, तिला आजारी पडायला सवड नाही. म्हशीनं कालपासून वैरण धरली. मी: साखर थोडी वर, चहा तसाच.
राहिली नात इशू. वय अकरा. तिच्या अंगात वारं शिरलंय.
परवा पाहुण्यांबरोबर लोणावळ्याला हायवेकडच्या ट्रॅकवर गेलो. बुटक्या चारचाकी गाड्या, बूड जमिनीला टेकतं, गो-कार्ट म्हणतात. बाकीची पोरं टायरांवर आदळत होती. ही नाही आदळली. वळण यायच्या आधीच तिची मान वळायची. उतरली आणि म्हणाली, "आबा, परत." तीनदा परत. पाहुणे भज्यांना गेले, आम्ही तिथंच.

१९ जून २०२२
त्या ट्रॅकवर नाईक सर म्हणून आहेत, पोरांना रेसिंग शिकवतात. इशूला शिकवतो म्हणाले. मी विचारलं, पोर घाबरत नाही म्हणून का? तर म्हणाले, "घाबरते की. पण घाबरली तरी पाय हलत नाही तिचा." हे मला आवडलं.
दत्ता नको म्हणत होता. शाळा, अभ्यास, मुलीची जात, वगैरे. रेखानं एकदाच त्याच्याकडं बघितलं. मिटलं. न्यायचं-आणायचं माझ्याकडं. स्कूटरला नवीन टायर घातला.

११ डिसेंबर २०२३
दोन्ही तळहाताला फोड. सौ. हळद लावते आणि बोलते, ही पुसते आणि हसते. यंदा दोन रेसमध्ये तिसरी आली.
पारावर बबन म्हणाला, "आबा, नातीच्या गाडीला छप्पर पन न्हाई व्हय?" म्हटलं, घोड्याला कुठं असतं.
मी चौथी शिकलेला. इंजिन, कारबुरेटर सगळं उघडून उघडून शिकलो, लिहिणं पण तसंच. इशू इंजिनाचा आवाज ऐकून सांगते, आबा, पेट्रोल जास्त जातंय. बरोबर असतं. हे रक्तात

(चहा आला, राहिलं.)

५ ऑगस्ट २०२५
इशू चौदाची. आता मोठ्या गटात. तिथला नियम: गाडी अधिक चालवणारा मिळून एकशे पंचेचाळीस किलो भरलंच पाहिजे. कमी भरलं तर बाद. इशू म्हणजे चिपाड. म्हणून सरांनी तिच्या सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टनं आवळल्या. एकेक तीन किलोची.
सौ.ला हे सांगायला नको होतं. "म्हंजी आमच्या घरात पोरगी उपाशी ऱ्हाती असं म्हनला का त्यो मास्तर?" म्हटलं, न्हाई गं, नियम आहे. "नियम गेला चुलीत." आजपासून तूप-भात, खरवस, डिंकाचे लाडू. इशू बिचारी खातेय.

२१ सप्टेंबर २०२५
भाताच्या गिरणीत काट्यावर चढवलं इशूला. तीन किलो वाढ. गिरणीवाला म्हणाला, पोत्यात भरू का? सौ. घरी आली ती लढाई जिंकल्यासारखी.
माझ्या डोक्यात मात्र एक हिशोब बसला. पोर तीन किलोनं वाढली, तर एक पट्टी फुकट. आमचा शर्यतीचा बैलगाडा होता तेव्हा मी रंधा मारून मारून त्याचं लाकूड उतरवायचो. शर्यतीच्या घाटात जो हलका तो आधी पोचतो.

१२ ऑक्टोबर २०२५
आज रेस. ही शेवटच्या आधीची. पहिल्या तिनात आली तर शेवटच्या फेरीला थेट जागा, नाहीतर हंगामाच्या गुणांवर.
सकाळी सरांनी मला नट-बोल्ट बघायला सांगितले, नेहमीचं माझं काम. सीटमागं हात गेला, पट्टी लागली. पाना हातात होताच. काढली. पिशवीत डब्याखाली ठेवली. कुणाला बोललो नाही. बोलण्यासारखं वाटलंच नाही.
इशू पहिली आली. पहिली. शेवटच्या वळणाला आतून घुसली, पुण्याच्या पोराला कळेपर्यंत ही पुढं. मी टोपी काढून हलवली. दत्ता, ज्यानं नको म्हटलं होतं, तो रडत होता.
मग काटा. रेस झाल्यावर गाडी आणि पोर दोन्ही काट्यावर घेतात. एकशे त्रेचाळीसला पण टेकेना. बाद.
सर म्हणाले, शक्यच नाही. पोरीचं वजन वाढलं तेव्हा मागच्या आठवड्यातच मी एक पट्टी उतरवली, हिशोबानं बरोबर केली होती. म्हणजे एक त्यांनी, वर एक मी.
माझं तोंड उघडेना. इशू माझ्याजवळ आली.
"आबा, पट्टी कुठंय?"
"पिशवीत."
"राहू दे. आत्ता काढू नका."
आणि गेली सरळ काट्यावरच्या अधिकाऱ्याकडं. म्हणाली, बसायच्या आधी मी तपासलं नाही, माझी चूक आहे. चौदा वर्षांची. आवाज जरासुद्धा कापला नाही.
मी पिशवी धरून उभा. सत्तरीचा माणूस.

१३ ऑक्टोबर २०२५
सगळ्यांना सांगितलं. आधी घरी, मग सरांना फोन. सर म्हणाले, आबा, मला विचारायचंत. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
सौ.नं कसर ठेवली नाही. "बैलं हाकायची अक्कल मोटारीला लावली. सोन्यासारखी पोरगी." मग तिनंच माझं ताट वाढलं. वाढताना म्हणाली, "लाडू मीच चारलं की. निम्मी चूक माजी धरा." अशी ही.

१६ ऑक्टोबर २०२५
रेसच्या समितीचं पत्र आलं, इशूच्या नावानं. वजन मुद्दाम उतरवलं का, याचा आठ दिवसांत लेखी खुलासा करा. मुद्दाम ठरलं तर पूर्ण हंगाम बंद. नाही ठरलं तर आजवरच्या गुणांवर शेवटच्या फेरीला बसता येईल, तेवढे तिचे जमलेत.
इशूनं रात्रीच्या जेवणाआधीच खुलासा लिहिला होता. दोन ओळी. मी वजन तपासलं नाही. मी दिलगीर आहे. माझं नाव नाही.
म्हटलं, माझं नाव घाल. म्हणते, नियमात लिहिलंय आबा, गाडी कशी आहे याला चालवणारा जबाबदार. म्हटलं, अगं पण अशानं त्यांना वाटेल तूच काढलीस. म्हणाली, वाटू दे.
वाटू दे! हे कुणावर गेलं? माझ्यावर. माझी खोड, तिच्या गळ्यात.

१८ ऑक्टोबर २०२५
दत्ता म्हणाला, बाबा, तुम्ही समितीला लिहिलंत तर तुम्हाला ट्रॅकच्या आत येऊ देणार नाहीत पुन्हा. माहितीये. तीन वर्षं प्रत्येक रेसला तो पाना माझ्या हातात होता. बाहेरच्या जाळीतून पण दिसतं सगळं. नीट दिसत नाही. पण दिसतं.
सकाळी बसून पत्र लिहिलं. चार कागद फाडले. मोठमोठे शब्द यायला लागले की फाडायचे. इशूला दाखवलं. तिनं सगळं वाचलं, मग एका ओळीवर बोट ठेवलं.
"आबा, 'मुलीला यातलं काही माहीत नव्हतं' हे खरंय. 'मुलीची काही चूक नाही' हे खोटंय. ते खोडा."
"का गं?"
"बसायच्या आधी बघायचं काम माझंच होतं."
खोडलं. माझ्या लिहिण्यातलं आजवर कुणी खोडायला लावलं नव्हतं. छाती अशी भरून आली की सदऱ्याचं वरचं बटण काढलं. खाली मी सही केली, शेजारी तिनं. तिची सही अजून शाळेतली, गोल गोल.

१९ ऑक्टोबर २०२५
पत्र धाडलं. पट्टी पण कापडात बांधून सोबत पाठवली. रेखानं पत्राचा फोटो काढून ईमेलही केला, पण कागद तो कागद. शेवटचा भाग हितं उतरवून ठेवतो, विसरायला नको:
"मुलीला बाद केलंत ते योग्यच. पहिला नंबर परत मागत नाही. पट्टी मी काढली, अडाणीपणानं काढली, आणि काट्याजवळ गप्प बसलो, ही त्याहून मोठी चूक. मला आत येऊ दिलं नाही तरी तक्रार नाही. फक्त 'मुद्दाम' हा शब्द तिच्या नावापुढं लागू नये. आता ती रोज दाराच्या फटीत बघेल, आपलं उत्तर आलंय का. विचारणार नाही कुणाला. तेव्हा होय असो की नाही, आपण दोन ओळी लिहाव्यात, आणि लवकर लिहाव्यात."