चार नंबर वॉर्डची पाचवी जागा

२ जानेवारी, सकाळी साडेसहा
आजपासून थीसिस. रोज पाच पानं लिहिली तरी महिन्यात दीडशे होतात. इतकं सोपं असताना लोक का रडतात कळत नाही. विषय ठरलेला आहे: 'परिचारिकांचे कामाचे अनुभव आणि त्यांचा रुग्णांच्या आरोग्यावर होणारा परिणाम'. अभ्यासरजा ३१ मेला संपते. दोन वर्षांपैकी दीड वर्ष विषय मुरवण्यात गेलं, पण मुरवल्याशिवाय चव येत नाही. सबमिट केला की एम.एस्सी., मग ट्यूटरची पोस्ट, मग वॉर्डचं तोंड बघायला नको. नाही झाला तर १ जूनला परत चार नंबर वॉर्डात ब्रदर म्हणून हजर. तसं अर्थात होणार नाही.

बायको त्याच वॉर्डात नर्स आहे. डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली की तुम्ही ट्यूटर व्हा नाहीतर डीन व्हा, पण १ जूनला आमचा पाचवा माणूस परत द्या. पाच जण असले की आठवड्याची सुट्टी आळीपाळीने फिरते. चौघांत ती फिरतच नाही. मी रजेवर, आणि रजेच्या जागी बदली माणूस देत नाहीत. शेवटची सुट्टी कधी घेतली ते तिला आठवेना. मी समजावलं की मी ट्यूटर झालो की जागा रीतसर रिकामी होईल, आणि रिकामी जागा लगेच भरतात. ती डबा उचलून ड्यूटीला गेली. पटलं असावं.

२ जानेवारी, संध्याकाळी
पानं: शून्य. पण टेबल खिडकीपाशी हलवलं.

११ जानेवारी
गाईड मॅडमना भेटलो. काय झालंय विचारलं. पाया घालून झालाय म्हटलं. त्या म्हणाल्या, दीड वर्ष पायाच चाललाय, निदान एक भिंत तरी दाखवा. विनोदी स्वभाव आहे त्यांचा.

सहा वॉर्डांचा अभ्यास करायचा होता. आता एकाच वॉर्डाचा, म्हणजे आमच्याच, सखोल करायचं ठरवलंय. बाकीचे वॉर्ड दुसऱ्या इमारतीत आहेत आणि तिथली लिफ्ट बंद असते.

२९ जानेवारी
प्रश्नावली तयार. चौसष्ट प्रश्न. मॅडम म्हणाल्या, नर्सेसना श्वास घ्यायला वेळ नाही, दहाच ठेवा. एकही प्रश्न काढवेना. चार प्रती वॉर्डात देऊन आलो. इन्चार्ज सिस्टरने कागद हातात तोलून बघितले आणि म्हणाली, ब्रदर, यापेक्षा चार पेशंटना अंघोळ घालून गेला असतात तर बरं झालं असतं. संशोधनाबद्दल आपल्याकडे अजून जागृती नाही.

अकरा नंबर खाटेवर एक रिटायर्ड गुरुजी आहेत. त्यांनी एक प्रत मागून घेतली, लाल पेनाने तेवीस चुका काढल्या आणि दहापैकी चार मार्क दिले. माणूस गोड आहे. वॉर्डात गेलो की त्यांच्याशी पाच मिनिटं बोलल्याशिवाय सोडत नाहीत.

२० फेब्रुवारी
चारही प्रश्नावल्या आल्या. एकाच अक्षरात, एकाच पेनाने. इन्चार्ज सिस्टरने चहाच्या वेळेत सगळ्यांच्या भरल्या. दोनशे छप्पन्न उत्तरं, सगळी 'समाधानकारक'. फक्त शेवटी 'आणखी काही सांगायचे आहे का' याखाली चारही ठिकाणी 'एक माणूस द्या'.

हिचीही तीच तऱ्हा. घरच्या माणसानेच असं करावं याचं वाईट वाटलं. ती म्हणाली, घरी विचारा, सांगते. जेवताना विचारायला घेतलं. तिसऱ्या प्रश्नाला ताटाशेजारी हातावर डोकं टेकून झोपली. नोंद केली: प्रतिसाद अपूर्ण.

६ मार्च
आजपासून रुग्णांचा डेटा. ड्यूटी टेबलाशी बसून चार्ट उतरवतो. दर चार तासांनी ताप, नाडी, बी.पी. सगळ्यांचा ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. सगळ्यांचं बी.पी. एकशेवीस-ऐंशी. खाटेवर पडलेल्या अडतीस माणसांची तब्येत माझ्यापेक्षा चांगली.

मी स्वतः नऊ वर्षं चार्ट भरलेत. पाळी सुटायच्या आधी दहा मिनिटांत सगळे रकाने अंदाजाने भरायचो, कारण दिवसभर कुणाला वेळ असतो? पण ते माझं झालं. इतरांबद्दल असं गृहीत धरणं शास्त्रीय नाही.

१४ मार्च
गुरुजी गेले.

सकाळी दहाला त्यांनी बेल वाजवली. बाथरूमला जायचं होतं. पाळीला दोघीच. एक ऑपरेशनला पेशंट घेऊन गेलेली, ही दुसऱ्या टोकाला एकाला रक्त चढवत होती, तिला तिथून हलता येत नव्हतं. गुरुजींनी पुन्हा बेल वाजवली. मग वाट बघून स्वतःच उठले आणि पडले. डोकं खाटेच्या लोखंडावर आपटलं. साडेअकराला संपलं.

बेल मी ऐकली होती. मी टेबलापाशीच होतो, तेरा-चौदा पावलांवर. संशोधकाने निरीक्षणात हस्तक्षेप करायचा नसतो, हे मेथडॉलॉजीच्या पहिल्याच धड्यात दिलंय. शिवाय मी रजेवर आहे. ड्यूटीवर नसलेल्या माणसाने पेशंटला हात लावला आणि काही झालं तर जबाबदारी कुणाची?

संध्याकाळी हिने विचारलं, तुम्ही कुठे होतात. सांगितलं. ती ताट तसंच ठेवून उठली.

१५ मार्च
गुरुजींच्या चार्टवर बाराचं बी.पी. एकशेवीस-ऐंशी आहे. आधीच भरून ठेवलं असणार. सात दिवस पूर्ण निरीक्षण न झालेले रुग्ण नमुन्यात धरायचे नाहीत, असा नियम करून त्यांना वगळलं. त्यांचं निरीक्षण सहा मार्चला सुरू झालं होतं, म्हणजे सात दिवस भरतात. नियम दहा दिवसांचा केला.

२८ मार्च
ही माझ्याशी बोलत नाही. चहा टेबलावर ठेवते आणि जाते. घर शांत असल्याने लिखाण चांगलं व्हायला हवं. झोप लागत नाही, डोळा लागला की बेल ऐकू येते. कानात मळ असेल, दाखवून घेतो.

१९ एप्रिल
निष्कर्ष लिहिले. 'परिचारिकांवर कामाचा ताण असला तरी रुग्णांच्या आरोग्यावर त्याचा कोणताही परिणाम आढळला नाही.' वाचताना बरं वाटलं. आकडे आहेत, माझ्या मनाचं काही नाही.

सोबत शिफारस: 'वॉर्डातील पाचवी जागा दोन वर्षे रिक्त आहे, कारण अज्ञात. ती भरावी.' हिच्यासाठी मुद्दाम घातली. सारांशाची एक प्रत हॉस्पिटलच्या ऑफिसला देऊन आलो, म्हणजे वरच्यांच्या नजरेत येईल. क्लार्कने शिक्का मारून घेतली. ट्यूटरच्या इंटरव्ह्यूला उपयोग होईल.

६ मे
गाईड मॅडमनी थीसिस वाचला. विचारलं, कारण अज्ञात म्हणजे काय, ती जागा कुणाची आहे? मी म्हटलं, संशोधकाने लेखनात स्वतःला आणू नये. त्यांनी कपाळाला हात लावला. मग विचारलं, या तापाच्या आकड्यांवर तुमचा स्वतःचा विश्वास आहे का? मी म्हटलं, डेटा बोलतो. त्या म्हणाल्या, मी सही करणार नाही. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

१३ मे
दुसरा गाईड शोधतोय. तिघांना फोन केले. पहिले परदेशी, दुसऱ्यांनी विषय ऐकून फोन ठेवला, तिसरे वारले आहेत.

२६ मे
संपलं. रजिस्ट्रेशनची मुदत वाढणार नाही, असं पत्र आलं. गुरुजींनी चार मार्क दिले होते, मॅडमनी तेवढेही दिले नाहीत.

हिला सांगितलं की एम.एस्सी. झालं नाही, १ जूनला वॉर्डात हजर होतोय. वाटलं होतं, टोमणे मारेल. ती खाली बसली आणि रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, बरं झालं. अडीच महिन्यांनी माझ्याशी बोलली. इन्चार्ज सिस्टरला लगेच फोन लावला आणि दोघींनी नवा ड्यूटी चार्ट केला. हिला मंगळवार सुट्टी. मंगळवारी मी फक्त झोपणार, म्हणाली, कुणी उठवायचं नाही. माझा पांढरा शर्ट तिनेच काढून इस्त्री केला. मी ठरवलंय, यापुढे बेल वाजली की पहिला उठेन. हा संकल्प मी पाळणार आहे.

१ जून, दुपारी दीड
सकाळी आठला मेट्रनसमोर हजर. त्यांनी एक पत्र पुढे सरकवलं. ऑफिसने माझ्या सारांशाची दखल घेतली आहे. 'वॉर्ड क्र. ४ मध्ये दोन वर्षे चार परिचारिका असूनही रुग्णांच्या आरोग्यावर कोणताही परिणाम झालेला नाही, असे अभ्यासात सिद्ध झाले आहे. सबब पाचवी जागा कायमची रद्द करण्यात येत आहे.' खाली संदर्भ म्हणून माझं पूर्ण नाव. मी मेट्रनना सांगितलं की ते आकडे खोटे आहेत, चार्ट कसे भरतात ते तुम्हालाही माहीत आहे. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे, पण लिहिलंय तुम्ही. बाकीच्या वॉर्डांतलीही एकेक जागा रद्द करायचा आता विचार चाललाय म्हणे.

मला चादरींच्या स्टोअरला टाकलंय. इथे पेशंट नाहीत आणि बेलही नाही.

येताना वॉर्डावरून आलो. ही आत कुणाचं तरी ड्रेसिंग करत होती. मला इस्त्रीच्या शर्टात बघून तिने लांबूनच खुणेनं विचारलं, आजपासून ना? मी मान हलवली. ती हसली आणि पुन्हा कामाला लागली.

तिची पाळी दोनला सुटते. सांगावं तर लागेलच.