आत्याचा ओरडा खाऊन वाढलेला घेवडा

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कागदावर आहे म्हणून साष्टांग. प्रत्यक्षात कंबर धरली आहे; कशाने, ते पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? मांजर अजून तुझ्याच उशीवर झोपतं का? तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्राचा घाट घातला. दोन महिन्यांमागे मी फोनवर "सारखी ओरडत नको जाऊस गं, मी आता लहान नाही" असं म्हणाले आणि तू नुसतं "बरं" म्हणालीस. त्यानंतर तुझा एकही निरोप नाही. शाळेची सगळी वर्षं तुझ्या घरी काढली, पण तुझ्या तोंडून एका शब्दाचं उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं. असो. हे पत्र फक्त माझ्या संशोधनाची खुशाली कळवण्यासाठी आहे, दुसरं काही नाही.

तर आमच्या विद्यापीठाने यंदा फर्मान काढलं, की पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक संशोधन करायचं आणि मार्गदर्शक मात्र परक्या विभागातला घ्यायचा. ज्ञानाच्या भिंती पडाव्यात असा हेतू होता. भिंती शाबूत आहेत, जिन्यात गर्दी तेवढी वाढली. माझ्या खोलीतली मैत्रीण अर्थशास्त्राची, तिला मिळाले संगीताचे सर. ती हल्ली भाववाढ गाऊन दाखवते. मी वनस्पतिशास्त्राची, मला मिळाले भाषा विभागाचे सर. त्यांना सगळे मवाळ सर म्हणतात. दाराला धक्का लागला तर ते दाराची माफी मागतात. विषय त्यांनीच सुचवला: बोलण्याचा रोपांवर होणारा परिणाम. दोन खोल्या, दोन्हींत घेवड्याच्या कुंड्या, सारखी माती, मी मोजून घातलेलं सारखं, बेताचंच पाणी, पडदे सारखेच अर्धे ओढलेले. एका खोलीत दिवसभर कौतुक वाजणार, दुसरीत रागावणं. (कुंड्या वर मीच चढवल्या. कंबरेचा उलगडा झाला ना?) कौतुक सरांनी आपल्या आवाजात भरलं आणि ते इतकं गोड झालं, की मलाच दोन पानं फुटतील असं वाटलं. रागवायलाही तेच बसले, पण "आपण कृपया जरा मनावर घ्यावं, अर्थात सवडीने" याच्यापुढे त्यांची मजल जाईना. मी रागवायला गेले तर मला हसू फुटे. तेव्हा लक्षात आलं, की अस्सल माल माझ्या फोनमध्येच पडून आहे.

होय आत्या, तू आवाजात भरून पाठवलेले ते सगळे जुने निरोप. तुला न विचारता लावले. (लगेच पत्र फाडू नकोस, पुढे तुझं कौतुक आहे.) "अगं ए, सकाळपासून पाण्याचा थेंब तरी पोटात गेलाय का? अंधारात काय बसलीस घुबडासारखी? तो पडदा सार आधी! वाळून काडी झालीस, काडी!" हे रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत. थोड्याच दिवसांत कौतुकाची रोपं माना टाकून बसली आणि तुझ्या खोलीतला घेवडा खिडकीच्या गजांवर चढला. विभागप्रमुख बाई स्वतः बघून गेल्या. येत्या शनिवारी सगळ्या विद्यापीठापुढे हे मांडायचं ठरलं आणि माझे पाय जमिनीला लागेनात.

परवा मी जरा लवकर गेले, तर आमचा पहारेकरी तुझ्या खोलीत आपल्या बाटलीतलं पाणी कुंड्यांना घालत होता! मी विचारलं, तर म्हणतो कसा, "आतून त्या बाई ओरडतात ना रोज. म्हटलं, घालून टाकावं, उगाच बोलणी कोण खाणार." त्याला वाटत होतं, तू आतल्या बाजूला बसलेली असतेस. मग एकेक बाहेर यायला लागलं. कारकून येता-जाता पडदा सारत होते. विभागप्रमुख बाई, ज्यांना बघून अख्खा विभाग उठून उभा राहतो, त्या जेवायला जाताना निमूटपणे पेलाभर पाणी ओतून जायच्या. आणि सर! आवाजाचं यंत्र रोज चालू करायचे तेच, आणि तरी पाणी घालणाऱ्यांत तेही होते. मान खाली घालून म्हणाले, "कळत होतं हो. पण त्या आवाजाला नाही म्हणवेना." कौतुकाच्या खोलीबाहेर मात्र लोक थांबत, प्रसन्न होत आणि आपल्या वाटेने जात. सगळं छान चाललंय म्हटल्यावर पाणी कोण घालणार?

थोडक्यात, संशोधनाचे बारा वाजले. सर म्हणाले, घडलं तेच शनिवारी मांडू. म्हणून मी तुझे निरोप पुन्हा पहिल्यापासून ऐकायला बसले, त्यातलं रागावणं तेवढं वेगळं काढावं म्हणून. आत्या, ते सापडलंच नाही. पाणी, उजेड, जेवण, झोप, स्वेटर, एवढंच आहे सगळं, फक्त मोठ्या आवाजात. मला स्वतःची फार लाज वाटली, आणि तुझी आठवण अशी दाटून आली की तिथेच कुंड्यांमध्ये बसून रडले. (घेवड्याला आणखी पाणी नको होतं, तरी मिळालं.)

बाकी क्षेम. गुडघ्यांना जप, मांजराच्या कानामागे खाजव.

तुझी,
काडी

ता. क. सरांचं म्हणणं असं, की प्रयोग पुन्हा करायचा तर नवा आवाज हवा. पाणी, उजेड, खाणं यांचं नावही नसलेलं निव्वळ रागावणं. पाठवशील का? सर म्हणतात, तुझ्याच्याने ते व्हायचं नाही.

ता. क. २ पहारेकरी विचारत होता, "बाई रोज तेच तेच बोलतात, नवीन काहीच नाही, बऱ्या आहेत ना?" मी त्याला काय सांगू?

ता. क. ३ सरांनी नवा आवाज वगैरे काही मागितलेला नाही. मी रोज जागते, पाणी प्यायचं विसरते, ओला टॉवेल आत्ता पलंगावर पसरला आहे आणि त्याच्यावरच बसून मी हे लिहिते आहे. बघ, जमत असेल तर गप्प राहा.