कानात सांगायचं उत्तर

दि. ५ जानेवारी

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

तुमच्या लेकीच्या वाट्याला शेवटी ‘ढ’ तुकडी आली. शाळेत या तुकडीला असंच म्हणतात, तेही मुलांच्या तोंडावर. सव्वापाचातून पावणेतीन वजा करायला सांगितले, तर अर्धं पान खरडून उत्तर काढतात साडेतीन! पाचातून दोन गेले तीन; आणि पावातून पाऊण जात नाही, म्हणून पाऊणातून पाव काढून मोकळी. दोन पोरं काहीबाही ओरडतात, की बाकीची पेन्सिली खाली ठेवतात. एका मुलीला सगळे घुमी म्हणतात. तिच्या डोक्यात गणित शिरायचं नाही, असं तिची आई तिच्यासमोरच मला सांगून गेली.

मार्चमध्ये तपासणी आहे. तुकडी तरली तर मी कायम, नाहीतर हातात नारळ. काहीतरी सुचवा.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची मुलगी

दि. ११ जानेवारी

चि. बाईसाहेबांस, अनेक आशीर्वाद.

तीस वर्षं फळ्यापुढे उभा राहिलेला बाप घरात असताना इतके दिवस गप्प का होतीस? वजाबाकी म्हणजे हिसकावून घेणं नाही, चालत जाणं. पावणेतीनपासून निघायचं. तीनपर्यंत पाव, तिथून सव्वापाचपर्यंत सव्वादोन. झाले अडीच! कागद-पेन्सिल दप्तरात. कच्चं काम वहीत दिसता कामा नये.

आणि ओरडणं बंद. डोळे मिटायचे, उत्तर आलं की डोक्यावर हात ठेवायचा. मग तू जवळ जाऊन कान पुढे करायचा. चुकलं तरी चारचौघांत शोभा होत नाही. माझ्या वर्गातली शांतता बघून हेडमास्तरांना वाटायचं, मी पोरं झोपवतोय. तुझी आई म्हणते, तिने माझ्या कानात सांगितलेलं मात्र कधीच आत शिरलं नाही.

तब्येतीला जप. आमची माया तुझ्यापाशी आहे.

तुझे बाबा

दि. १८ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. तुमची मात्रा लागू पडली. घुमीने पंधरा दिवस हात वर नेला नाही. मग एकदा नेला. माझा कान थुंकीने ओला झाला, पण उत्तर बरोबर होतं! आता साडेसातातून पावणेचार काढले की पुन्हा पावणेचारच उरतात, याचं तिला हसू येतं.

आज लेखी परीक्षा झाली. जवळजवळ सगळ्यांची उत्तरं बरोबर, आणि तेच अंगाशी आलं. कच्चं काम कुठेच नाही, म्हणजे बाईंनी उत्तरं फोडली, असं तपासणीला आलेले साहेब म्हणतात. उद्या ते तोंडी विचारणार आहेत. मला वर्गात जायची बंदी आहे. पण काळजी नको, पोरं झोपेतसुद्धा सांगतील.

घाईत आहे. आशीर्वाद असू द्या.

तुमची मुलगी

दि. २५ मार्च

चि. बाईसाहेबांस, अनेक आशीर्वाद.

तोंडीचं काय झालं? तुझी आई दारात चकरा मारते आणि मी तिच्यावर उगीच खेकसतो. वाईट असलं तरी कळव. मी येऊन साहेबांशी बोलतो.

तुझे बाबा

दि. २९ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

येऊ नका. आता उपयोग नाही.

मी व्हरांड्यात उभी होते, दार उघडं होतं. साहेबांनी खुर्चीतूनच मोठ्याने गणित घातलं. सगळ्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने एकेक हात डोक्यावर गेला, घुमीचाही. साहेब उत्तराची वाट बघत होते आणि पोरं त्यांच्या कानाची. त्यांनी दुसरं गणित घातलं, तिसरं घातलं, मग चिडून टेबलावर हात आपटला. मी एक शब्द जरी काढला असता, तर मी सांगून दिलं असं झालं असतं. उत्तर मोठ्यानेही सांगायचं असतं, हे मी त्यांना शिकवलंच नव्हतं. एकही मूल बोललं नाही, असा शेरा पडला. दुसऱ्या दिवशी मला नारळ मिळाला.

तुम्ही स्वतःला बोल लावून घेऊ नका. नोकरी दुसरी बघेन. पण काल बाजारात घुमी भेटली. आईच्या मागे लपली. तिला गणित आलं नाही म्हणून बाई गेल्या, असं ती घरी रडत सांगते म्हणे. मी खाली बसून तिला सांगितलं, की तुझं उत्तर बरोबरच असणार. तिने नाही अशी मान हलवली. बरोबर असतं तर साहेब जवळ आले असते, म्हणाली.

आईला नमस्कार. तुमचा लोभ तेवढा राहू द्या.

तुमची मुलगी