आईचं हसू जाहिरातीत

रविवार, सुरत

अन् वरून दवाखान्याच्या जाहिरातीत म्हणतात, पेशंट समाधानी! नागपूरच्या त्या मनाच्या डॉक्टरनं आईकडे मान वर करून पाहिलंही नाही. झोप येत नाही, रडू येते, हे ती सांगेपर्यंत गोळ्या लिहून मोकळा. बाहेर कंपाउंडरनं मोबाइल धरला, "बोला काकू, बरं वाटते." आईले वाटलं, व्हिडिओ मलेच पाठवून राहिले. म्हणून हसली. "मी बरी आहो बाबू, तू जेवत जा." जेवायचं बोलणं कापलं अन् हसू जाहिरातीत टाकलं. माझ्यासाठीचं हसू!

सोडत नाही. बहिणीले सांगितलं, आईले घेऊन जा, भरल्या दवाखान्यात त्याची इज्जत काढ, जाहिरातीतून व्हिडिओ हटवल्याबिगर उठू नको. "दादा, आई नको म्हणते गा." नको काहून? जायचंच, अन् तिथून दुसऱ्या डॉक्टरलेही दाखवायचं; उमरेडहून नागपूरचं बसभाडं अन् त्याची फी, दोन हजार पाठवून राहिलो.