पितळवाली कानस

मंगळ. ४ नोव्हें.
कानशींना तेल! घासायच्या हत्याराला तेल चोपडणारा शहाणा माझ्याच पोटी यायचा हुता. ह्यांचा पत्र्याचा डबा उघडला, तर सातच्या सात कानशी तळलेल्या मिरच्यांगत चकाकत, एकमेकींच्या उरावर. सलीम म्हणतो, "अम्मा, गंजू नयेत म्हणून लावलं, मायेनं." म्हटलं, तुझी माया गेट-ग्रिलच्या वर्कशॉपात ठेव. तेलकट कानस पितळेवर नुसती घसरती आन् कीस दातांत धरून बसती.
डबा काढला कारण मेढ्याच्या भजनी मंडळाचे बुवा पेटी घेऊन आले. ह्यांच्याच हातची पेटी. एक सूर उतरलाय. हे जाऊन तीन वर्षं झाली, बुवांना पत्ता न्हाई. खाली बसले. मग म्हणाले, "भाभी, घरात कुणी बगणारं हाय का? पुढच्या शुक्रवारी सप्ता बसतोय." पेटी ठेवूनच गेले.

बुध. ५
नातीला, निलूला, खडू आणायला लावला. दातांत खडू भरायचा, तो तेल पितो. मग तारेच्या ब्रशनं झाडायचा, दातांच्या रेघेनं. आडवा न्हाई. एकेकीला चार-चार येळा.
हे कायम माझंच काम. हे पेटीतली सुराची पितळेची जीभ घासायचे, मी कानस झाडायची. ब्रशला न निघालेला कण पितळेच्या पट्टीनं ढकलून काढायचा. एक कण राहिला तर जिभेवर चरा. दुपारभर दोघं समोरासमोर. बोलणं काय? "दे." "घे." सूर लावून बघायचे तवा "आला?" मी म्हणायची, "न्हाई अजून." सारा संसार एवढ्यात झाला. पिवळी भुकटी ह्यांच्या भुवयांत, माझ्या बांगड्यांत, कवा कवा भाकरीत बी.
रडण्यासारखं काय न्हाई त्यात. खोकला मात्र लय यायचा.

गुरु. ६
सहा सुधारल्या. सातवी मेली. सगळ्यात बारीक, मुठीला हिरवा दोरा गुंडाळलेली. सलीमनं तिच्यानं दाराची कडी घासली हुती. दोन दिवस "मी न्हाई, मी न्हाई", आज कबूल.
नवी कानस आधी पितळेला. दात बोथटले की मग लोखंडाला. लोखंडाकडं गेलेली परत पितळेला चालत न्हाई. लेक माहेरी माघारी येती, कानस येत न्हाई. हिरवा दोरा म्हणजे पितळवाली, हे घरातल्या मांजराला ठावं. सलीमला वाटलं मूठ फाटली म्हणून दोरा बांधलाय!

शनि. ८
निलूसंगं मलकापुरातनं कराडला गेले. दुकानदार म्हणतो, "आजी, ही घ्या, लोखंड, पितळ, सगळ्याला चालती." म्हटलं, सगळ्याला चालणारी माणसं बी लय बघितली, कशालाच चालत न्हाईत. त्याच्या कानशींचा डबाच पुढं घेतला. उजेडाकडं धरून वाकडी हाय का बघायची. मग अंगठ्याच्या नखावर हळू ओढायची. गुळगुळीत सरकली तर ठेवून द्यायची, पांढरी भुकटी निघाली तर घ्यायची.
ह्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख कायम खरवडलेलं. लग्नात मी मान खाली घालून बसलेली, आधी ते नखच दिसलं. वाटलं, माणसाला काय रोग हाय.
बरोबर कानस निलूनं माझ्याआधी उचलली. मी दुकानदाराला पैसे मोजून दिले. कौतुक केलं की पोरी बिघडतात.
येताना म्हणाली, "दादी, सांगलीच्या शोरूममधल्या नोकरीचं नक्की झालं. एक तारखेपासनं." बरं म्हटलं.

मंगळ. ११
हिरवा दोरा नवीला बांधला. आज जीभ घासली. निलूनं. मी म्हातारी, हात कापतो, आन् ह्यांनी मला जिभेला कवा हात लावू दिला न्हाई. म्हणायचे, तुझी एक हाय तेवढी पुरे.
जिभेखाली पातळ पत्रा सारायचा. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. पोरगी जोर करती. "निलू, पितळ हाय ते, दगड न्हाई. कानशीचं वजन पडू दे, तुझं नको." दोन हात मारले की कानस माझ्याकडं. "दे." "घे."
शेवटचा एक हात जास्त झाला. सूर केसभर वर गेला. सलीम म्हणतो, "कुणाला कळतंय." निलूनं बापाकडं असं बघितलं... ते बघणं माझ्या वळखीचं हाय.

गुरु. १३
मुळाशी दोन हलके हात. जास्त घासलं तर जीभ तुटती. मला वाटतंय आला. निलू म्हणती, "अजून न्हाई, दादी." विचारावं म्हणून मी ह्यांच्या पाटाकडं मान वळवली. सवय.
तिला आणखी एक हात मारू दिला.

शुक्र. १४
बुवा सकाळीच आले. डोळं मिटून तोच सूर धरून बसले. कितीतरी येळ. मग भाता बंद केला. म्हणाले, "आमच्या भागात आणखी तीन पेट्या हायत. दुकान सुरू हाय असं समजायचं का?"
सलीम घाईनं, "आवं बुवा, ही दुकानाची खोली झेरॉक्सवाल्याला द्यायचं चाललंय, आन् पोरगी सांगलीला..."
मी म्हटलं, "बुवा, च्या निवतोय."
निलू कोपऱ्यात एकेक कानस येगळ्या फडक्यात गुंडाळत हुती. 
बुवा उद्या फोन करणार हायत. सलीमनं उचलायचा न्हाई. माझ्या हातात दिला तर मी बहिरी हाय. निलूनंच घ्यायचा, आन् व्हय म्हणायचं का न्हाई म्हणायचं, ते तिनंच सांगायचं.